पॅनवरचा निरोप

"ह्याला सांग, दाणा धरलाय. आता पाणी मारू नको म्हणावं."

"त्याला सांग, मला शिकवू नको. दाणा माझ्या बोटाला ओळखतो म्हणावं."

दोघं माझ्यापासून हातभर अंतरावर. डावीकडे ज्ञानदेव खाडे, म्हणजे आमचे नाना, उजवीकडे दस्तगीर मुल्ला, मधे मी. एकाचं बोलणं दुसऱ्याला स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं. तरी ते मला पुन्हा म्हणावं लागायचं. "मुल्लाभाई, नाना म्हणतात दाणा धरलाय, पाणी मारू नका." मग तोंड वळवून, "नाना, मुल्लाभाई म्हणतात, दाणा त्यांच्या बोटाला ओळखतो." एकदा मी कंटाळून नुसताच उभा राहिलो, तर नाना खेकसले, "सांग की! दातखीळ बसली का?"

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी नमुने गोळा करायच्या कामावर होतो. वय अठ्ठावीस, बायको, एक पोरगी, बारावी नापास. दर तासाला बाटली घेऊन पॅनवर जायचं, नमुना भरायचा, खाली आणून द्यायचा. पॅन म्हणजे दोन मजले उंच लोखंडी भांडं. उसाचा रस आटवून दाट केलेला पाक त्यात शिजतो आणि शिजता शिजता त्यात साखरेचा दाणा उभा राहतो. तो कधी उभा राहणार, किती वाढवायचा, कुठं थांबवायचा, हे सांगणारं यंत्र आमच्याकडं नव्हतं. माणूस होता. त्याला पॅनमन म्हणतात. तो पॅनच्या पोटात बसवलेला पितळी दांडा फिरवून चमचाभर पाक बाहेर काढतो, काचेच्या पट्टीवर घेऊन दिव्यासमोर धरतो, मग अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात घोळतो. त्या दोन बोटांवर आख्खा कारखाना चालायचा. शिकलेले साहेब लोक खाली ओरडत फिरायचे, पण पॅनचा जिना चढून वर आले की त्यांचा आवाज आपोआप उतरायचा.

आणि आमच्याकडं असे दोन होते. तालुक्यात नव्हे, चार तालुक्यांत असे दोन नव्हते.

नऊ वर्षांपूर्वीपर्यंत ते एका डब्यात जेवायचे. मग एक दिवस नानांनी पहाटेपासून राबून एक पॅन शिजवला, दाणा मोत्यासारखा आला, आणि बाराचा भोंगा झाला. पाळी संपली. मुल्लाभाईंनी पाळी घेतली आणि दहा मिनिटांत पॅन खाली सोडला, म्हणजे शिजलेला माल काढून मोकळा केला. रजिस्टरमध्ये तो पॅन मुल्लाभाईंच्या नावावर लागला. नाना म्हणाले, माझा दाणा चोरला. मुल्लाभाई म्हणाले, दहा मिनिटं उशिरा सोडला असता तर तुझ्या मोत्याचा चिखल झाला असता. झालं. त्या दिवसापासून एकमेकांशी शब्द नाही. जातधर्माचा यात काडीचा संबंध नव्हता. कुणाला तसा वास येत असेल तर त्यानं तो आपल्या घरात शोधावा. भांडण दाण्याचं होतं.

पाळ्या फिरायच्या, पण एकाच्या मागं दुसरा हे काही फिरलं नाही. पॅन हातात देताना काय शिजतंय, कुठवर आलंय, हे तर सांगावंच लागतं. भिंतीवर पाटी होती. नानांना सहीपुरतंच लिहिता यायचं, आणि मुल्लाभाई म्हणायचे, त्याच्या पाळीची पाटी मी वाचणार नाही. म्हणून मग मी. मला कुणी नेमलं नव्हतं. पाळी बदलताना माझी नमुन्याची वेळ असायची, एवढाच माझा गुन्हा.

त्यांचे दांडेसुद्धा वेगळे होते. नानांच्या दांड्याच्या मुठीला लाल दोरा, मुल्लाभाईंच्या मुठीला तांब्याचं कडं. पाळीवर आलेला माणूस पहिलं काम काय करणार? आधीच्याचा दांडा पॅनमधून उपसून बादलीत टाकणार आणि आपला घालणार. चालू पॅनमधली हवा पंपानं ओढून घेतलेली असते, त्यामुळं दांडा काढला की बाहेरची हवा सूं करून आत शिरते. बाहेर काही येत नाही. भिण्यासारखं त्यात काही नसतं. नऊ वर्षं रोज ते असंच करत आले होते.

त्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या साखरेच्या दाण्याला जिल्ह्यात पहिला नंबर मिळाला. अध्यक्ष स्वतः पॅनवर आले. बरोबर डायरेक्टर, फोटोवाला, गुलाल, पेढे. आणि एक शाल. एकच. 'पॅन विभागासाठी' म्हणून कुणीतरी आणली होती. अध्यक्षांनी शाल उघडली आणि या दोघांकडं बघून त्यांचे हात हवेतच राहिले.

"कुणाच्या खांद्यावर घालू?"

"ज्याचा दाणा त्याच्या," मुल्लाभाई पुढं सरकले.

"त्याला म्हणावं, मागं हो," नाना मला म्हणाले. "मी पॅन शिजवत होतो तेव्हा हा भट्टीतली राख ओढत होता म्हणावं."

डायरेक्टर लोक हसायला लागले. अध्यक्षांनी शाल घडी करून टेबलावर ठेवली. मग काचेच्या पट्टीवरची साखर बघत त्यांनी खरा प्रश्न विचारला. माणूस शेतकरी होता, नजर होती त्याला.

"पण मला एक सांगा. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांचं बघत नाहीत. मग दोन्ही पाळ्यांचा दाणा इतका एकसारखा कसा?"

याचं उत्तर त्या जागेवर फक्त मला माहीत होतं. दाणा उभा करायला पाकात साखरेची बारीक पूड सोडतात, तिला बी म्हणतात. हे दोघं ती अंदाजानं सोडायचे, मूठभर, चिमूटभर. मी दोन महिने सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन, लॅबच्या काट्यावर वजन करकरून, किती पाकाला किती बी हे बसवलं होतं. साहेबांची जुनी पुस्तकं चाळून, शब्दांचे अर्थ विचारून. नानांना सांगितलं, त्यांनी नाक मुरडलं आणि गुपचूप वापरलं. मुल्लाभाईंनीही तेच केलं. दोघांना वाटत होतं, हे फक्त आपल्यालाच माहीत आहे.

मी म्हणालो, "साहेब, बी वजन करून टाकलं की दाणा सारखा येतो. ते माप मी..."

"तू?" मुल्लाभाई वळले. "अध्यक्षसाहेब, हा आमचा निरोप्या. टपालवाला. पत्र वाटतो म्हणून आता म्हणायला लागला, पत्र मीच लिहिलं."

सगळे हसले. ते मी सोसलं असतं. पण नानाही हसले. पोट धरून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. हसता हसता दोघांची नजर एकमेकांना भिडली आणि तरीही ते हसत राहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं. माझ्यावर.

"ही शाल लॅबच्या कपाटात ठेव रे, टपालवाल्या," जाताना कुणीतरी म्हणालं. मी ठेवली.

दुसऱ्या दिवशी नानांची पहाटेची पाळी होती. साडेअकराला त्यांनी एक नंबरचा पॅन खाली सोडला आणि रिकामा पॅन आतून वाफ मारून धुतला. मी बाराच्या नमुन्याला वर गेलो तेव्हा ते धुण्याच्या वाफेच्या चाकाशी झटत होते. घामानं बनियन अंगाला चिकटलेलं.

"हणमंता, ऐक. ही चावी बसत नाही. चाक बंद दिसतंय, पण आत वाफ येतीय. फिटरला सांगावा धाडलाय. तो येईस्तोवर दांड्याला हात लावू नको म्हणावं. पॅन रिकामा हाय, वाफ कोंडलीय. दांडा ओढला की सगळी अंगावर येईल म्हणावं."

खाली जिन्यावर मुल्लाभाईंच्या चपला वाजत होत्या.

मी म्हणालो, "ते येतातच आहेत. तुम्हीच सांगा की."

"तू सांग."

"टपालवाल्याला कशाला सांगता? तुम्ही मोठी माणसं. बोला की एकमेकांशी."

नानांनी माझ्याकडं बघितलं. "काल हसलो म्हणून फुगलास व्हय? नव्या नवरीगत? सांग त्याला गपगुमान."

भोंगा झाला. नानांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघाले. जिन्यात दोघं समोरासमोर आले. एकानं डावा कठडा धरला, एकानं उजवा, दोघांनी दोन भिंतींकडं तोंडं केली आणि एकमेकांना ओलांडलं. रोज असंच ओलांडायचे.

मुल्लाभाई वर आले. कानामागं कालचा गुलाल तसाच होता. धुतला नसावा, मुद्दाम. डबा खुंटीला लावला, हात धुतले, दोन नंबरच्या काचेतनं आतला दाणा बघितला, आपला दांडा कोपऱ्यातनं घेतला, तांब्याचं कडं सदऱ्याच्या टोकानं पुसलं.

"काय म्हणतोय तो?"

मी म्हणालो, "काही नाही."

"काहीच नाही? आज काहीच नाही?" ते हसले. "शहाणा झाला म्हणायचा, बक्षिसानं."

आणि ते पॅनकडं चालायला लागले.

मला वेळ होता. लोक म्हणतात, एका क्षणात घडलं, तोंड उघडायला सवडच मिळाली नाही. ते खोटं बोलतात. मला चांगली सवड होती. ते सावकाश चालले होते, कालच्या फोटोबद्दल बोलत होते, "फोटोवाल्यानं माझी डावी बाजू घेतली, येडपट. माझी उजवी बाजू चांगली हाय." रोज पाळीवर आले की ते आधी पॅनच्या पोटावर तळहात ठेवायचे, म्हशीच्या अंगावर ठेवावा तसा, आणि कान लावायचे. त्या दिवशी ठेवला नाही. बोलण्याच्या नादात होते. मी बाटली घेऊन उभा. "थांबा" हा एक शब्द. एवढा जरी बोललो असतो तरी पुरे होतं.

मला वाटलं, वाफेचा लोट येईल, म्हातारा उडी मारून मागं सरेल, शिव्या देत जिन्याशी जाईल आणि नानांच्या नावानं ओरडेल. नाना वर येतील. भांडतील. पण तोंडातोंडी भांडतील, माझ्या तोंडानं नव्हे. आणि आपल्याशिवाय इथं पान हलत नाही असं समजणाऱ्या माणसाची फजिती मला एकदा डोळ्यांनी बघायची होती. फजिती बघायची होती. बाकी काही मला नको होतं, हे मी आजही शपथेवर सांगतो, आणि त्या शपथेची किंमत मला माहीत आहे.

मुल्लाभाईंनी लाल दोऱ्याची मूठ धरली आणि झटक्यात ओढली.

ताडपत्री फाटावी तसा आवाज झाला. मग सगळं पांढरं. मला पॅन दिसेना, दिवा दिसेना, माझी बाटली दिसेना. ती हातातनं कधी पडली कळलं नाही. ओरडणं ऐकू येईल म्हणून मी वाट बघत होतो. ओरडणं आलंच नाही. पांढऱ्यातनं फक्त पितळ लोखंडावर आपटल्याचा आवाज येत होता, खण् खण् खण्. त्यांचा हात दांड्यावर तसाच होता. सुटत नव्हता की ते सोडत नव्हते, मला अजून माहीत नाही.

मी हललो नाही. पाय होते, पण मी हललो नाही.

जिन्यावर धावल्याचा आवाज आला. नाना सायकलपर्यंत पोचले होते. आवाजावरनं त्यांना कळलं होतं, कुठली वाफ, कुठला पॅन. पन्नाशीचा माणूस दोन दोन पायऱ्या घेत वर आला, कोंडलेली वाफ छपराबाहेर सोडणारी हवेची चावी उघडली, मग भिंतीवरच्या मोठ्या चाकाला लोंबकळून त्यांनी सगळ्या पॅनची वाफ एकदम तोडली. आणि ओरडले.

"दस्तगीर! दस्तगीर, सोड! दांडा सोड!"

नऊ वर्षांनी.

वाफ विरली. मुल्लाभाई खाली बसले होते. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं मनगटाशी धरून समोर ठेवला होता, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि सांभाळायला दिला आहे. मी त्या हाताचं वर्णन करणार नाही. कातडं हातमोज्यासारखं सुटलं होतं, एवढं पुरे.

"ज्ञानू," मुल्लाभाई म्हणाले. आवाज अगदी साधा. "दोन नंबरमध्ये दाणा हाय. वाफ तोडू नको. दाणा बसंल."

"मरू दे तो दाणा!"

"मरू दे काय म्हणतोस? चार-पाच तासांचा तरी दाणा हाय तो. वाफ सोड."

"दस्तगीर, हात बघ तुझा. हात बघ!"

मग मुल्लाभाईंनी हाताकडं बघितलं. आणि थरथरायला लागले. फेब्रुवारीतली दुपार, पॅनवर उभं राहवत नाही असा उकाडा, आणि तो माणूस हिवाळ्यातल्या कुत्र्यासारखा कापत होता. नाना माझ्यावर ओरडले, "पांघरायला आण काहीतरी! उभा काय ऱ्हायलास!" मी खाली पळालो. लॅबच्या कपाटात एकच गोष्ट होती. ती शाल मी आणली आणि नानांनी ती मुल्लाभाईंच्या खांद्यावर घातली.

जीपमध्ये नाना त्यांच्याबरोबर बसले. जीप निघेपर्यंत मी वाट बघत होतो, की आता विचारतील. 'तू सांगितलंस न्हवं?' आता. आता. त्यांनी विचारलं नाही. फक्त माझ्याकडं बघितलं, आणि मग मुल्लाभाईंच्या तोंडाकडं. जीप गेली.

चौकशी महिन्यानं लागली, मुल्लाभाई दवाखान्यातनं आल्यावर. त्या महिन्याभरात मी एकदाही त्यांना बघायला गेलो नाही. नाना रोज जायचे, डबा घेऊन. मी रोज रात्री एकच वाक्य पाठ करायचो. 'मी सांगितलं होतं, साहेब. त्यांनी ऐकलं नाही.' आरशासमोर म्हणून बघितलं. पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवत म्हणून बघितलं. नोकरी गेली तर बारावी नापास माणसाला कोण विचारतंय? नाना म्हणणार, मी ह्याला सांगितलं होतं. मुल्लाभाई म्हणणार, ह्यानं मला काही नाही म्हणून सांगितलं. दोघं मिळून मला संपवणार. ते हसताना बघितलं होतं ना मी दोघांना, एका वेळी.

चीफ केमिस्ट निंबाळकरसाहेबांच्या खोलीत आम्ही तिघं. मुल्लाभाईंच्या उजव्या हाताला पांढरी पट्टी, कोपरापर्यंत. साहेबांनी पेन उघडलं.

"खाडे, तुमच्या पाळीत चावी खराब झाली. पुढच्या माणसाला सांगितलं होतं का?"

मी वाक्य जिभेवर आणून ठेवलं.

"न्हाई," नाना म्हणाले. "कुणालाच सांगितलं न्हाई. चूक माझी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"विसरलात?"

"विसरलो न्हाई. हवेची चावी उघडून, फिटर येईस्तोवर तिथं थांबायला पाहिजे होतं मी. भोंगा झाला, ह्याचं तोंड दिसलं, आणि मी निघालो. ह्याच्यासंगं एका जागी मिनिटभर उभं राहायचं नव्हतं मला. लिवा, चूक माझी."

"साहेब, ते लिहू नका," मुल्लाभाई म्हणाले. "ह्याच्या सांगण्यावर मी पॅन चालवतो व्हय? पॅनमनला सांगावं लागतंय काय, आत वाफ हाय म्हणून? पॅनच्या अंगावर हात ठेवला की कळाय पाहिजे. तीस वर्षं ठेवला, त्या दिवशी ठेवला न्हाई. फोटोच्या नादात होतो. चूक माझी."

"पॅन माझ्या पाळीत बिघडला."

"हात माझ्या पाळीत भाजला."

"दस्तगीर, तू गप बस."

"तू गप बस. बक्षीसबी तुलाच पाहिजे आणि चूकबी तुलाच पाहिजे?"

निंबाळकरसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "अहो, मी काय पेढे वाटतोय का इथं? दोघंही कसे पुढं पुढं करताय?"

 दोघंही समोर भिंतीकडं बघायला लागले. माझ्याकडं कुणीच नाही.

 मी या दोघांना ओळखत होतो असं मला वाटायचं. रोज त्यांचे शब्द माझ्या तोंडातनं जायचे. ताठ माणसं, स्वतःच्या नावासाठी जीव देणारी. अशी माणसं चूक दुसऱ्यावर ढकलतात, हे मी धरूनच चाललो होतो, कारण मी तेच करणार होतो. त्यांचा ताठा मला मोजता आलाच नव्हता. एका टपालवाल्यानं आपलं काही वाकडं केलं, हे कबूल करणंसुद्धा त्यात बसत नव्हतं. की त्यांनी माझी पोरगी बघितली होती, आणि म्हणून? मला माहीत नाही. दोन्ही विचार मला सारखेच भाजतात.

साहेब माझ्याकडं वळले. "तू तिथंच होतास ना रे, लोहार? नमुन्याला गेला होतास. तुला काय माहीत आहे?"

खोलीत पंखा फिरत होता. आता दोघांनीही माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. धाक नव्हता, खूण नव्हती. माझी पाळी होती, आणि ते वाट बघत होते.

मी म्हणालो, "काही नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. दोघांनाही लेखी ताकीद, दोघांचीही एक वर्षाची पगारवाढ बंद. फाईल मिटली. मी नोकरीवर राहिलो. पुढं सोळा वर्षं राहिलो.

पट्टी सुटली तेव्हा हंगामाचे शेवटचे दिवस चालले होते. मुल्लाभाई कामावर आले. कातडी आली होती, गुलाबी, लहान मुलाच्या अंगासारखी. त्या दिवशी बाराला मी नमुन्याला वर गेलो आणि सवयीनं जाऊन मधे उभा राहिलो. डावीकडे नाना, उजवीकडे मुल्लाभाई.

"दस्तगीर," नाना माझ्या डोक्यावरनं म्हणाले, "दाणा धरलाय. बघ."

मुल्लाभाईंनी दांडा ओढला. लाल दोऱ्याचा. तोच फिरवला, तोच ओढला, बदलला नाही. पट्टीवर पाक घेतला, दिव्यासमोर धरला, अंगठा आणि पहिल्या बोटात घोळला. घोळत राहिले. पुन्हा घेतला, पुन्हा घोळला. त्यांच्या तोंडावर मी असं काही बघितलं, जे मी त्या दुपारीसुद्धा बघितलं नव्हतं. बोटं हलत होती, पण बोटांना काही कळत नव्हतं. कातडी परत आली होती, जाण परत आली नव्हती.

नानांनी त्यांच्या बोटांवरचा पाक आपल्या बोटावर घेतला. घोळला. हळू आवाजात म्हणाले, "अजून बारीक हाय. पाऊण तास लागंल."

"मला दिसतंय," मुल्लाभाई म्हणाले.

"दिसतंय की. मी कुठं न्हाई म्हणतोय?"

मी तिथं उभा राहू शकलो नाही. बाटली खाली ठेवली आणि म्हणालो, "मुल्लाभाई, त्या दिवशी नानांनी मला..."

मुल्लाभाईंनी डावा हात वर केला. मी थांबलो. ते माझ्याकडं बघत होते, बराच वेळ, दिव्यासमोर पट्टी धरून दाणा बघायचे तसे. मग ते नानांच्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले. लांबलचक. चार-पाच वाक्यं असतील. बोलताना एकदा त्यांनी माझ्याकडं बोट केलं, त्या गुलाबी हाताचं. नाना ऐकत होते, मान हलवत होते. मग मुल्लाभाई पाठ फिरवून दोन नंबरच्या पॅनकडं गेले.

मी नानांना विचारलं, "काय म्हणाले?"

नानांनी टॉवेल खांद्यावर टाकला. जिन्याच्या कठड्याला हात लावला. मग माझ्याकडं वळून बघितलं.

"काही नाही," नाना म्हणाले.